तोरणमाळच्या पठारावर, आरसा थंड होईपर्यंत

शहादा सोडताना दिवस कलला होता, तरी मार्चच्या उन्हाने डांबर अजून तापलेलं होतं. म्हसावद मागे पडलं, गाडी सातपुड्याला लागली आणि घाटाच्या वळणांवर हवा बदलत गेली. तोरणमाळ साधारण 1150 मीटर उंचीवर. जवळपास मोठं शहर नाही, यशवंत तलावाच्या बाजूला आकाश मोकळं. खान्देशात दुर्बीण लावायला माझ्या मते हीच जागा.

आमची दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. गाडीतून उतरवल्याबरोबर तिला डोळा लावून उपयोग नसतो. तापलेल्या आरशावरून ऊन हवा उठत राहते आणि तारा थरथरतो. नळी उघडी ठेवून तासभर थांबायचं. गाडीवाले आबा धुळ्याचे. त्यांनी विचारलं, "भाऊ, आरसा थंडा कसाले करना पडस?" तो तास मग अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीवर बोलण्यात गेला, कारण तिची सगळी तयारी याच प्रश्नाभोवती झाली आहे.

वेब अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण पाहते, आणि कुठलीही ऊबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडत असते. आरसा ऊबदार राहिला तर दूरच्या दीर्घिकेचा क्षीण प्रकाश त्याच्याच चकाकीत बुडून जाईल. म्हणून तिला पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, एल-2 बिंदूभोवती, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला पृथ्वीच्या सोबतीने फिरणाऱ्या जागेभोवती, ठेवलं आहे. तिथून सूर्य, पृथ्वी, चंद्र एकाच बाजूला राहतात आणि एकच पडदा तिघांनाही आडवतो. हा पडदा कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकच्या पाच पातळ थरांचा, साधारण 21 बाय 14 मीटर. थरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, म्हणजे एका थराची उष्णता पुढच्यापर्यंत जाण्याआधी कडेने अवकाशात निघून जाते. सावलीतला आरसा उणे 230 अंशांच्या आसपास जातो. मिरी या उपकरणाला तेवढंही पुरत नाही. त्याला उणे 266 अंशांपर्यंत नेण्यासाठी हेलियमवर चालणारं वेगळं शीतयंत्र आहे.

मुख्य आरसा 6.5 मीटरचा, बेरिलियमच्या 18 षटकोनी तुकड्यांचा. बेरिलियम हलकं, ताठ आणि अति थंडीत आकार फारसा न बदलणारं. फारसा, म्हणजे थोडा बदलतोच, आणि इथे काही नॅनोमीटरचाही फरक चालत नाही. त्यासाठी प्रत्येक तुकडा आधी घासून गुळगुळीत केला, मग मोठ्या निर्वात कक्षात उणे 240 अंशांच्या आसपास थंड करून तो कुठे किती वाकतो ते मोजलं, आणि बाहेर काढून नेमका त्याच्या उलट घासला. खोलीच्या तापमानाला मुद्दाम चुकीचा, थंडीत बरोबर. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यावरचा सोन्याचा थर 100 नॅनोमीटरचा. अठरा तुकड्यांना मिळून सोनं लागलं 48 ग्रॅमच्या आसपास, जळगावच्या सराफाच्या हिशोबाने पाच तोळ्यांच्या आत.

एवढा आरसा एरियन-5 रॉकेटच्या टोकावरच्या कवचात मावत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे तीन-तीन तुकडे मागे दुमडले. पडद्याची घडी 107 खिट्ट्यांनी बांधली होती. त्यातली एक जरी सुटली नसती तर पडदा अडकला असता. रॉकेटचा हादरा आणि आवाज सोसेल का, हे जमिनीवरच कंपनाच्या आणि आवाजाच्या चाचण्यांत पाहिलं जातं. 2018 मध्ये आवाजाच्या चाचणीनंतर पडद्याच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर खाली पडलेले सापडले. उड्डाणाच्या वेळची आणखी एक भीती घडीत कोंडलेल्या हवेची. रॉकेट वर जाताना कवचातला दाब पुरता उतरला नाही आणि कवच सुटलं, तर ही हवा एकदम फुगून पडदा फाडू शकते. त्यासाठी कवचाच्या हवा सोडण्याच्या झडपा बदलाव्या लागल्या. 25 डिसेंबर 2021 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून उड्डाण झालं.

तासाभरात आमचा आरसा निवला. घाटातल्या धक्क्यांनी त्याचा कोन हललेला होताच. ठळक तारा फोकसच्या बाहेर नेला की कडी दिसतात. ती एकाच मध्याभोवती येईपर्यंत मागचे तीन स्क्रू हळूहळू फिरवायचे. वेबच्या प्रत्येक तुकड्यामागे त्याला बारीक हलवणारे सात अ‍ॅक्च्युएटर आहेत, सहा जागा आणि कल ठरवायला, सातवा वक्रता बदलायला. फेब्रुवारी 2022 मध्ये तिने जुळवणीसाठी सप्तर्षी तारकासमूहातला एचडी 84406 हा तारा निवडला, तेव्हा एका ताऱ्याचे 18 ठिपके दिसले. कुठला ठिपका कुठल्या तुकड्याचा हे ओळखून ते एकावर एक आणले. सूक्ष्म जुळवणी 11 मार्चपर्यंत साधली.

हा तारा आपल्यालाही सापडतो. मार्चमध्ये रात्री अकराच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून सप्तर्षींतला क्रतू तारा शोधा. लांब केलेल्या हाताच्या एका मुठीएवढं डावीकडे जा. तिथून थोडं पुढे नुसत्या डोळ्यांना दिसणारा 23 उर्सा मेजोरिस लागतो, त्याच्या अलीकडे जेमतेम दोन अंशांवर आपला तारा. तेजाची प्रत सातच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या थोडी पलीकडे, म्हणून साधी द्विनेत्रीही चालते. आबांनी तो बराच वेळ पाहिला.

जाणाऱ्यांनी अमावास्येच्या आसपासची रात्र धरावी आणि गरम कपडे न्यावेत. आरशावर दव धरलं तर पुसू नये. कापडाखाली आलेला धुळीचा एक कणही लेपावर चरा पाडतो. नळी थोडी खाली झुकवून आरसा आपोआप वाळू द्यावा, मगच झाकण लावावं.