गच्चीवरची रेडिओ लिंक: बडोद्यातल्या दीड किलोमीटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी

राउटरचं सॉफ्टवेअर घरातल्या वापराचा हिशोब धरून येतं, मग ते ओपनडब्ल्यूआरटी हे हातानं सेटिंग बदलता येणारं मुक्त सॉफ्टवेअर का असेना. समोरचा मोबाइल दहा-वीस मीटरवर, मध्ये दोन-तीन भिंती, एवढंच ते गृहीत धरतं. तोच राउटर दांडिया बाजारातल्या गच्चीवर डिशला जोडून प्रतापनगरकडे वळवला की सिग्नल छान दिसतो आणि नेट रखडतं. मग लोक पॉवर वाढवतात, मोठी डिश आणतात. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो, कारण तो बहुधा सेटिंगमध्ये असतो. आधी लिंक एकटी उभी करायची, मोजायची आणि मगच तिच्यावर रूटिंग, म्हणजे डेटानं कोणत्या वाटेनं जायचं ते ठरवणारी यंत्रणा, चढवायचं. दोन्ही एकदम सुरू केलं तर बिघाड हवेत आहे की राउटरमध्ये, हेच कळत नाही.

सुरुवात कागदावर करा. मोकळ्या हवेतली सिग्नलची घट काढायला २० लॉग अंतर (किलोमीटरमध्ये) अधिक २० लॉग फ्रिक्वेन्सी (मेगाहर्ट्झमध्ये) अधिक ३२.४४. दीड किलोमीटर आणि १४९ नंबरचा चॅनेल, म्हणजे ५७४५ मेगाहर्ट्झ, घेतला तर घट १११ डेसिबल येते. दोन्हीकडे २३ डीबीआयच्या डिश (डीबीआय म्हणजे अँटेना ताकद एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप) आणि राउटरची पॉवर १३ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद). अँटेनासकट बाहेर पडणारी ताकद ३६ झाली, तिच्यातून १११ वजा, पलीकडच्या डिशचे २३ अधिक: उत्तर उणे ५२ डीबीएम. केबल-कनेक्टरचे दोन-तीन डेसिबल गेले तरी उणे ५५ च्या आसपास यायलाच हवं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे रोज उपयोगी पडतो. प्रत्यक्षात उणे ७० दिसत असेल तर डिश मुख्य झोतावर नाही, बाजूच्या झोतावर लागली आहे. असं फार वेळा होतं, कारण तिथेही लिंक जुळते आणि माणूस समाधानानं खाली उतरतो. डिश डावी-उजवीकडे पुरती फिरवून पाहा, मग वर-खाली.

नुसती नजर पोचणं पुरत नाही. सरळ रेषेभोवतीचा फुगीर पट्टाही मोकळा लागतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. या अंतराला मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे ४.४ मीटर असते आणि तिचा ६० टक्के भाग, म्हणजे साधारण २.६ मीटर, मोकळा लागतो. पाण्याच्या टाकीचा काठ, कडुनिंबाचा शेंडा, सुरसागर तलावातली १११ फुटांची शंकराची मूर्ती, यांतलं काहीही रेषेच्या अडीच मीटर आत आलं की घट वाढते. कडुनिंबाची पानं गळलेली असताना जुळवलेली लिंक चैत्रात नवी पालवी आली की खाली येते, आणि पावसाळ्यात ओल्या पानांनी आणखी. पाऊस स्वतः या फ्रिक्वेन्सीला इतक्या अंतरावर फारसा त्रास देत नाही.

आता ओपनडब्ल्यूआरटीची वायरलेस सेटिंगची फाइल. कंट्री 'आयएन' (भारत), चॅनेल १४९, एचटीमोड 'एचटी२०' (२० मेगाहर्ट्झची रुंदी), टीएक्सपॉवर १३ आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिस्टन्स १६००. आकडा मीटरमध्ये लिहायचा, लांबच्या टोकापर्यंतचा, आणि दोन्ही राउटरवर.

डिस्टन्स का लागतं ते नीट समजून घ्या. प्रत्येक फ्रेम (हवेतून जाणारा डेटाचा तुकडा) पोचल्याची पावती समोरून ठरलेल्या वेळेत यावी लागते. दीड किलोमीटर जायला रेडिओ लहरीला ५ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन यायला १०. घरगुती सेटिंगमध्ये तेवढी वाट पाहण्याची सोय नसते. पावती वाटेत असतानाच राउटर फ्रेम हरवली असं धरतो आणि तीच पुन्हा पाठवतो. आपल्या फ्रेम हरवताहेत या समजुतीनं वेगही उतरवतो. सॉफ्टवेअर ही मुदत ४५० मीटरच्या पायऱ्यांनी वाढवतं, म्हणून १५०० आणि १६०० दोन्ही १८०० वर जातात. थोडं जास्त लिहिलं तर नुकसान किरकोळ असतं, कमी लिहिलं तर लिंक कोलमडते. एथनाइनके या ड्रायव्हरवर चालणाऱ्या वायफाय चिपवर हे व्यवस्थित चालतं. दुसऱ्या चिपवर 'आयडब्ल्यू' या वायरलेसच्या आदेशातल्या 'आयडब्ल्यू फाय' चा 'सेट डिस्टन्स' आदेश देऊन पाहा. 'नॉट सपोर्टेड' असं उत्तर आलं तर तो राउटर गच्चीसाठी घेऊ नका.

खात्री करायला 'आयडब्ल्यू डेव्ह' चा 'स्टेशन डंप' काढा. समजा ओळ अशी आली:

सिग्नल: -५४ [-५५, -६१] डीबीएम

पहिला आकडा एकूण, कंसातले दोन म्हणजे उभ्या आणि आडव्या ध्रुवणाचे (लहर कोणत्या दिशेत डोलते त्याचे) वेगवेगळे. एकूण ठीक आहे, पण कंसात ६ डेसिबलचा फरक आहे. तीन-चारच्या वर फरक गेला की एका कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय किंवा एका टोकाची डिश तिरकी बसलीय. त्याखाली 'टीएक्स रिट्राइज' (पुन्हा पाठवलेली) आणि 'टीएक्स फेल्ड' (न पोचलेली पॅकेटं) पाहा. सिग्नल उत्तम आणि रिट्राइजचा आकडा पाठवलेल्या पॅकेटांच्या बरोबरीला झपाट्यानं येत असेल, तर पहिला संशय डिस्टन्सवर घ्या, दुसरा चॅनेलच्या गर्दीवर. गर्दी 'सर्व्हे डंप' मध्ये कळते: बिझी टाइमला ॲक्टिव्ह टाइमनं भागा. तुमचा डेटा थांबलेला असतानाही निम्म्याच्या जवळ आलं तर चॅनेल बदला. हे माप डिशमधूनच घ्यायचं, कारण मोबाइलला खालून जे दिसतं ते डिशला दिसत नाही.

गर्दी टाळायला मधल्या बँडमध्ये, ५२ ते १४४ चॅनेलकडे, जायचा मोह होतो. तिथे रडारची अट आहे. राउटर सुरू होताना किमान एक मिनिट नुसतं ऐकतो, आणि रडार जाणवलं तर तो चॅनेल अर्धा तास वर्ज्य होतो. ज्या गच्चीची किल्ली दुसऱ्याकडे आहे तिथे मी हे लावणार नाही. ४० मेगाहर्ट्झची रुंदीही आधी नको: गोंगाट ३ डेसिबलनं वाढतो आणि शेजाऱ्याशी टक्कर व्हायची शक्यताही. एन्क्रिप्शनमध्ये टीकेआयपी ही जुनी पद्धत चुकूनही ठेवू नका, वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो.

लिंक एकटी आय-पर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामनं अर्धा तास चालवा. दोन ध्रुवणं आणि २० मेगाहर्ट्झवर ७० ते ९० एमबीपीएस स्थिर मिळाले की पुढे जा.

रूटिंगसाठी दोन-चार इमारती असतील तर प्रत्येक लिंकला वेगळा सबनेट (पत्त्यांचा वेगळा गट) देऊन बेबल हा रूटिंग प्रोटोकॉल चालवणं मला सगळ्यात सरळ वाटतं. सगळं ब्रिज करून एकच मोठं जाळं केलं की एका घरातला ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून जाणारा संदेश) सगळ्यांच्या हवेतून फिरतो. बेबलमध्ये एक खड्डा आहे. गच्चीवरचा रेडिओ इथरनेट केबलनं खालच्या राउटरला जोडला असेल, तर बेबल त्या इंटरफेसला 'वायर्ड' समजतो. मग तो पॅकेटगळती मोजत नाही आणि त्याची किंमत ९६ धरतो, वायरलेसची २५६ असते. परिणाम असा की कुरकुरणारी लिंक स्वस्त दिसते आणि सगळा भार तिच्यावर येतो. इंटरफेसचा टाइप हातानं 'वायरलेस' लिहा.

पोळातल्या (जुन्या शहरातल्या दाट वस्तीतल्या) किंवा सोसायटीतल्या दहा-पंधरा घरांची मेश, म्हणजे एकमेकांमार्फत डेटा पुढे नेणारं जाळं, करायची तर बॅटमॅन-ॲडव्हान्स्ड हा मेशचा प्रोटोकॉल बरा. वायफाय मेशचं स्वतःचं फॉरवर्डिंग बंद करा, म्हणजे 'मेश एफडब्ल्यूडिंग' शून्य, नाहीतर दोन यंत्रणा एकाच पॅकेटसाठी रस्ता शोधतात. बॅटमॅनच्या चौथ्या आवृत्तीचे शोधसंदेश ब्रॉडकास्ट असतात आणि ते ५ गिगाहर्ट्झवर सहसा ६ एमबीपीएस या सगळ्यात संथ वेगानं जातात. संथ म्हणून लांब पोचतात. त्यामुळे लांबचा कमकुवत शेजारी शंभर टक्के चांगला दिसतो, आणि खरा डेटा तिकडे वळला की गळतो. 'एमकास्ट रेट' (ब्रॉडकास्टचा वेग) १२००० किंवा १८००० केबीपीएस करा. दिखाऊ शेजारी यादीतून जातात, उरलेले खरे असतात. एकाच रेडिओवर मेश असेल तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो, त्यावर सेटिंगमध्ये उपाय नाही. दुसरा रेडिओ लावा.

पिंग जातं, साधी पानं उघडतात, बँकेचं पान मात्र अडकतं, अशी तक्रार आली की एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, तपासा. बॅटमॅन आपलं ३२ बाइटचं शीर्ष जोडतो, म्हणून खालच्या इंटरफेसचा एमटीयू १५३२ हवा. बाहेरचं कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं) असेल तर तिथला एमटीयू १४९२, आणि फायरवॉलच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) झोनमध्ये 'एमटीयू फिक्स' चालू.

राउटर भर दुपारी किंवा लोड आला की रीबूट होत असेल तर केबल कापून पाहा. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर (नेटच्या केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीत) गच्चीपर्यंत पोचेपर्यंत व्होल्ट खाते. शुद्ध तांब्याची घ्या, यात काटकसर नको.

उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) दोन दिवसांत गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात. पाइपला धक्का लागतो, मांजा केबलला गुंडाळतो आणि कोणी तो ओढून काढतं. २३ डीबीआयच्या डिशचा झोत जेमतेम १० अंशांचा असतो, ५ अंश हलली तरी प्रत्येक टोकाला ३ डेसिबल जातात. १६ जानेवारीला दोन्ही टोकांचा सिग्नल भिंतीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

लांबच्या टोकाचं सेटिंग बदलताना क्रम एकच: आधी पलीकडचं, मग अलीकडचं. त्याआधी पलीकडच्या राउटरवर वायरलेसच्या फाइलची प्रत काढा आणि मागे एक आदेश चालू ठेवा, जो ३०० सेकंद थांबून जुनी प्रत परत बसवेल आणि वायफाय पुन्हा सुरू करेल. लॉगिन तुटलं तरी तो चालू राहील अशा रीतीनंच सुरू करा. पाच मिनिटांत लिंक जुळली तर आत जाऊन तो आदेश बंद करा. जुळली नाही तर अलीकडचं सेटिंग जुन्यावर आणा आणि पलीकडचं परत येण्याची वाट पाहा.