कोतवाल आणि वारकरी : तीन महिन्यांचा हिशोब

डिसेंबरात ठरवलं, या हिवाळ्यात खंड्या नाही, शेकाट्या नाही, फक्त काळे पक्षी: तारेवरचा कोतवाल आणि पाण्यातला वारकरी. कारण लाजिरवाणं आहे. माझ्या हार्ड डिस्कवर कोतवालाचे चारेकशे फोटो आहेत आणि त्यातल्या एकातही पीस दिसत नाही. तारेला पडलेलं शेपटीवालं भोक तेवढं दिसतं.

सामान तेच जुनं: क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) आणि १५०-६०० मिमीची लेन्स, ६०० ला जिचं छिद्र एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही.

पहिले दोन रविवार पुण्याजवळच्या कवडीला, नदीकाठी गेले. नियम तोंडपाठ होता. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर येईल ते सगळं मध्यम करडं धरतो, १८ टक्क्यांचं. काळा पक्षी दिला तर त्यालाही उजळून करडा करायला बघतो, म्हणून काळ्याला मायनस, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा कमी उजेड. डायल मायनस एकवर ठेवली आणि सकाळभर तारेवरचा कोतवाल टिपला. घरी येऊन बघतो तर कोळसा.

नियम खोटा नव्हता, माझ्या फ्रेमला तो लागू नव्हता इतकंच. कोतवाल शेपटी धरून जेमतेम २८ सेंमी. मी उभा २५ मीटरवर. एवढ्या अंतरावरून माझ्या फ्रेममध्ये साधारण मीटरभर रुंदीचा तुकडा येतो. त्यात हा बारीक अंगाचा पक्षी पाच टक्के जागाही व्यापत नाही, बाकी सगळं हिवाळ्यातलं पांढुरकं आभाळ. मीटरनं आभाळ मोजलं, ते करडं केलं, पक्षी आपोआप अंधारात गेला आणि वर मी त्याला आणखी एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडावर ढकलला.

पुढच्या खेपेला तीच तार, बहुधा तोच पक्षी (हे मी मनाशी धरून चाललोय, त्याला विचारलेलं नाही). प्लस एक, १.३, १.७, दोन अशी चढती भाजणी लावली. १.७ ला आभाळ पूर्ण पांढरं झालं, स्क्रीनवर अति उजेडाचा इशारा म्हणून लुकलुकायला लागलं, पण छातीवरच्या पिसांच्या कडा पहिल्यांदा सुट्या झाल्या. दोनला तारेच्या आणि चोचीच्या कडेनं जांभळी किनार आली. म्हणजे आभाळावरच्या कोतवालाला माझ्या लेन्सवर प्लस १.७ पर्यंत, पुढे नको. आभाळ जळतंय तर जळू दे.

या शोधाच्या आनंदात डायल १.७ वरच राहिली. पाऊण तासानं वारकरी काठाशी आला, इतका जवळ की निम्मी फ्रेम त्यानंच भरली. आता मात्र पुस्तकातला नियम खरा होता. मीटर आधीच काळ्याला उचलत होता, त्यावर माझं प्लस. साठ फ्रेम. अंग राखेच्या रंगाचं आणि कपाळावरचा पांढरा टिळा जळून सपाट, ठिगळ लावल्यासारखा. रॉमध्येही (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) तिथे काही उरलं नव्हतं.

आठवड्यानं मायनस ०.७ वर तोच प्रकार पुन्हा काढला. टिळ्याला उठाव आला, तो चोचीशी कुठे मिळतो ते दिसलं. आणि इतकी वर्षं मी ज्याला सरसकट काळा म्हणत आलो, तो वारकरी पाटीच्या दगडासारखा आहे, डोकं आणि मान तेवढी खरी काळी, हेही तेव्हा कळलं. फोटो चुकत होते तोवर पक्षीही नीट पाहिला नव्हता.

त्यानंतर डायलचा नाद सोडून मॅन्युअलवर आलो, म्हणजे सगळे आकडे हातानं लावायचे. पक्ष्यावर जे ऊन आहे तेच ऊन पडलेल्या वाळक्या गवतावर मीटर करतो आणि तो आकडा बांधून टाकतो, आयएसओसकट (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा). सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात तो साधारण १/१२५० सेकंद, एफ ७.१, आयएसओ ८०० येतो. फ्रेममध्ये कुठेही पांढरं नसेल तर त्यावर दोनतृतीयांश स्टॉप वाढवतो, वारकऱ्याला वाढवत नाही. मग पक्षी आभाळावर बसो की झाडीवर, त्याचा काळा तोच राहतो. ढग आला की सगळं परत, ही कटकट आहेच.

उजळ बाजूला इतका आग्रह का, तर रॉचं गणित. १४ बिटमध्ये उजेडाच्या एकूण १६,३८४ पायऱ्या. त्यातल्या निम्म्या, ८,१९२, सगळ्यात वरच्या स्टॉपला जातात, पुढच्याला ४,०९६, अशा अर्ध्या होत पाचव्या स्टॉपपर्यंत ५१२ उरतात. काळं पीस तिथेच कुठेतरी राहतं. खरं दुखणं मात्र पायऱ्यांपेक्षा नॉइजचं, अंधाऱ्या भागात येणाऱ्या दाणेदारपणाचं. अंधारातलं पीस घरी शॅडोज ओढून वर आणलं की वाळू येते, वाळू घालवायला डीनॉइज लावलं की पिसाचे धागेही जातात आणि पक्ष्याला कुणी रबराचा अंगरखा घातल्यासारखं होतं. हल्ली मी उलटं करतो: जागेवर उजळ घेतो, घरी ब्लॅक्स खाली खेचतो आणि डीनॉइज मास्क लावून फक्त पार्श्वभूमीवर मारतो.

हे सगळं जमूनही फोटो बरे होते, चांगले नव्हते. जानेवारीत सासवडच्या बाजूच्या माळावर गेलो होतो. कोतवाल चरणाऱ्या गाईंमागे फिरत होता. मी जमिनीवर आडवा. गुरं राखणारे आजोबा बराच वेळ बघत होते. “येवढं मोठं नळकांडं आन् काढताय काय, तर कोतवाल?” मग स्वतःच म्हणाले, “पळू नका त्याच्या मागं. गाय हलली की किडं उठत्यात, त्यो खाली येतोयच.” आला. सहा-सात मीटरवर, बाभळीच्या खुंटावर, माझ्या डोळ्यांच्या पातळीत. सूर्य माझ्या डाव्या खांद्यामागे, वर पातळ ढगाची जाळी.

सलग बारा फ्रेमचा बर्स्ट, एक्स्पोजर (उजेडाचं माप) बांधलेलं. नऊमध्ये नुसता काळा पक्षी. तीनमध्ये त्यानं मान जरा उजेडाकडे वळवली आणि छातीवर खवल्यासारखं एकेक पीस निळसर कडेनं उमटलं, पाठीवर हिरवट झाक. तो निळा रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या रचनेतून येतो, म्हणून कोन बदलला की विझतो. एवढे दिवस मी आकड्यांशी भांडत होतो, आणि आकडा तोच ठेवूनही पीस येत-जात होतं. आता पक्ष्याआधी सावली कुठे पडते ते बघतो. ऊन पाठीशी नसेल तर चक्कर मारून येतो, पक्षी उडाला तर उडाला. साडेनऊनंतर माळावर हवा थरथरायला लागते, मग बॅग बंद.

फोकसचं एक सांगायचं राहिलं. काळ्या चेहऱ्यातला काळपट डोळा माझ्या कॅमेऱ्याच्या आय-डिटेक्शनला (आपोआप डोळा शोधून फोकस करणारी सोय) सापडत नाही, ते खुशाल खुंटाची साल धरतं. कोतवालाच्या चोचीच्या मुळाशी एक बारीक पांढरा ठिपका असतो, फोकसचा एकच पॉइंट त्यावर टेकवतो. डोळा त्याच्या लगतच, त्यामुळे तोही धारदार येतो.

आता मार्च. सोसायटीतल्या आंब्यात कोकीळ पहाटे साडेपाचपासून ओरडतोय. त्याचा डोळा लालभडक, फोकसची अडचण नसावी. पण काल जे चार फोटो मिळाले त्यात पानांतून झिरपलेला हिरवा उजेड त्याच्या सगळ्या अंगावर उतरलाय. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) हलवला की हिरवा जातो आणि डोळा जांभळट होतो. कुणी यावर काही करून पाहिलं असेल तर सांगा. मी उद्या गच्चीवरून, पानांच्या वरच्या अंगानं प्रयत्न करणार आहे.