जाताना दिवे कोणी मालवले

२८ फेब्रुवारी, रात्री साडेदहा

नागपूरहून आलेल्या भाच्याला आज गेटवे दाखवला. तासभर उन्हात, मग घारापुरीची लाँच चुकली, मग समजूत काढायला कुल्फी. शेजारच्या घोळक्याला एक गाईड नेहमीचं वाक्य ऐकवत होता की राजाच्या भेटीची आठवण म्हणून बांधलेल्या दारातूनच गोरे परत गेले. भाच्याचे कान टवकारले. "मावशी, ते खरंच रांगेत गेले? मारामारी न करता?" म्हटलं, हो, आणि नेमके आजच्या तारखेला. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन या कमानीखालून संचलन करत बोटीवर गेली. आपल्या पलटणींनी मानवंदना दिली, गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट दिली.

"मग छानच झालं की!"

मी हं म्हटलं. त्याचं ते 'छानच' मात्र लोकलमध्ये चर्चगेटपासून दादरपर्यंत डोक्यात फिरत होतं. इंग्रजांनी निघायची जून १९४८ ची मुदत माउंटबॅटननी ऑगस्ट १९४७ वर ओढून आणली. झेंडा १५ ऑगस्टला बदलला आणि सीमा नेमकी कुठून जाते ते लोकांना कळलं १७ तारखेला. संचलन झालं तोवर पंजाबातली प्रेतं मोजून संपली नव्हती. अकरा वर्षांच्या पोराला हे कुल्फी खाताना काय सांगायचं?

जेवणं झाल्यावर बसून जुन्या बातम्या चाळल्या. माझी ही सवय वाईटच. फेब्रुवारी हा सैन्यं निघून जाण्याचाच महिना दिसतोय. १५ फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत फौजांचा जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरचा पूल ओलांडून अफगाणिस्तानातून बाहेर पडला. पलीकडे मुलगा फुलं घेऊन उभा. आपल्या मागे एकही सोव्हिएत सैनिक उरला नाही, असं तो म्हणाला. कैदी आणि बेपत्ता मागे होतेच, पण दृश्य झकास. आणि २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिकेनं तालिबानशी करार केला, चौदा महिन्यांत निघतो म्हणून. काबूलचं सरकार त्या टेबलावर नव्हतंच. तरी त्याच्या तुरुंगातले पाच हजार कैदी सोडायचं कलम मात्र त्यात होतं. घर एकाचं, किल्ल्या देणार दुसरा.

२०२१ मध्ये अमेरिकी सैन्य निघालं तेव्हा माझ्या मेहुण्यांशी यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. अमेरिकेनं तिथं राहायलाच हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी निघण्याच्या बाजूची. आजही आहे. वीस वर्षांत जमलं नाही ते एकविसाव्या वर्षी कसं जमणार, आणि रात्री दार फोडून घरात शिरणाऱ्या परक्या शिपायांच्या बाजूनं मी का बोलावं? आणखी पाच वर्षं द्या, असं म्हणणाऱ्यांनी अफगाणिस्तानातल्या हेलमंद प्रांताच्या खेड्यांना विचारलं होतं का?

पण तेव्हा मी एक गोष्ट सोडून दिली होती, भांडणात जिंकायचं होतं म्हणून. निघणं बरोबर की चूक, एवढ्यावरच मी अडून बसले होते. निघणाऱ्यानं मागच्यांना कसं घडवून ठेवलंय, हे मी पाहिलंच नाही. अफगाण हवाई दलाला विमानं दिली, पण ती दुरुस्त करायची ती अमेरिकी कंत्राटदारांनी. कंत्राटदार गेले, विमानं जमिनीवर. काबूलजवळच्या बगराम तळावरून तर अमेरिकी जुलैच्या पहिल्या रात्री वीज तोडून निघून गेले. अफगाण कमांडरला पत्ता लागला तो काही तासांनी, आणि त्याच्याआधी भुरटे चोर आत शिरले होते. मग काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि १६ ऑगस्टला बायडन म्हणाले की जे युद्ध अफगाण फौजाच लढायला तयार नाहीत, ते आम्ही का लढावं. त्या वीस वर्षांत मेलेले अफगाण सैनिक आणि पोलीस साठ हजारांच्या वर आहेत.

रशियनांचं निघणं तरी बरं, असं म्हणावं तर त्यांच्या पाठिंब्यावरच्या अफगाण अध्यक्षाची, नजीबुल्लाची गोष्ट आठवते. पैसा, इंधन, शस्त्रं येत होती तोवर त्याचं सरकार तीन वर्षं टिकलं. सोव्हिएत संघ फुटला, ओघ आटला, एप्रिल १९९२ मध्ये खेळ खलास. भारतात यायला निघाला, विमानतळाच्या वाटेवर अडवला गेला. चार वर्षांहून जास्त काळ संयुक्त राष्ट्रांच्या आवारात काढला आणि सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबाननं मारून खांबाला लटकावला. बायकोमुली दिल्लीत होत्या. हा काही सज्जन माणूस नव्हता, आधी गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. तरी पुलावरची फुलं आणि तो खांब मला आता वेगळे काढता येत नाहीत.

आणि आपण? श्रीलंकेत पाठवलेली आपली शांतिसेना मार्च १९९० मध्ये तिथल्या त्रिंकोमाली बंदरातून परतली. सुमारे बाराशे जवान गमावून. श्रीलंकेच्या सरकारलाच ती नको होती, तेव्हा निघणं भागच होतं. पण आपण ज्यांच्या हाती बंदुका दिल्या होत्या त्या तमिळ पोरांचं वाघांनी, म्हणजे एलटीटीईनं, पुढे काय केलं, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? त्या पोरांचा नेता पद्मनाभ तर त्याच जूनमध्ये मद्रासमध्ये मारला गेला. आपल्या अंगणात.

मला सगळ्यात जास्त टोचतात ते अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्यासाठी काम केलेले दुभाषे. तिकडे त्यांना 'तर्जुमान' म्हणतात, आपल्या तर्जुम्याचाच भाऊबंद. धंद्याचं नातं म्हणा. त्यांना व्हिसा हवा तर अमेरिकी साहेबाचं शिफारसपत्र लागे. साहेब केव्हाच मायदेशी, त्याचा पत्ता बदललेला. आणि शेवटच्या दिवसांत काबूलच्या अमेरिकी वकिलातीनं, कागद तालिबानच्या हाती लागू नयेत म्हणून, व्हिसासाठी आलेले पासपोर्टही नष्ट केले. हेतू चांगलाच होता. पण त्या माणसानं विमानतळाच्या फाटकावर दाखवायचं काय? सव्वा लाखाच्या आसपास माणसं बाहेर काढली हेही खरं, ते लहान काम नव्हे. तरी माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा खिसाच येतो.

मीही कधीमधी कोर्टात दुभाषी म्हणून उभी राहते. सहा-सात वर्षांपूर्वी एक बाई साक्षीला आली होती, तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. उलटतपासणीत वकील तिला झोडपत होता आणि ती वकिलाकडे न बघता माझ्याकडेच बघत होती. साक्ष अर्धी राहिली, उद्याची तारीख पडली. बाहेर व्हरांड्यात तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "दीदी, कल भी आप ही आएँगी ना?"

मी हो म्हणाले. माझी नेमणूक त्या एका दिवसाचीच होती.