तुम्ही विचारलंत म्हणून: ‘खूप’ला इंग्रजीत काय लिहायचं?

‘माझ्या इंग्रजीत दर दोन ओळींनी व्हेरी येतो, त्याच्या जागी दुसरं काय लिहू?’ बारावीचे विद्यार्थी हे विचारतात, परदेशी विद्यापीठांना अर्ज करणारे विचारतात, दिवसभर ईमेल लिहिणारे नोकरदारही विचारतात. बहुतेकांना समानार्थी शब्दांची यादी हवी असते: एक्स्ट्रीमली, इन्क्रेडिबली, ट्रिमेंडसली. ती यादी मी देत नाही. चुकीच्या जागी बसलेल्या ‘व्हेरी’ला काढून तिथे ‘एक्स्ट्रीमली’ बसवला, तर चूक तशीच राहते, फक्त लांबीला वाढते. खरी अडचण ‘व्हेरी’त नाही, आपल्या ‘खूप’मध्ये आहे.

मराठीतला ‘खूप’ एकटा पाच-सहा कामं करतो. खूप माणसं, खूप दूध, खूप उंच, भावापेक्षा खूप उंच, खूप आवडलं. इंग्रजीत या प्रत्येक कामाला वेगळा गडी लागतो. माणसं मोजता येतात म्हणून ‘मेनी पीपल’. दूध मोजता येत नाही म्हणून ‘अ लॉट ऑफ मिल्क’. नुसतं उंच असेल तर ‘व्हेरी टॉल’. पण तुलना आली की ‘व्हेरी’ चालतच नाही: ‘मच टॉलर’ किंवा ‘फार टॉलर’. फरक थोडा असेल तर ‘स्लाइटली टॉलर’, आणि सगळ्यांत उंच असून दुसरा जवळपासही नसेल तर ‘बाय फार द टॉलेस्ट’. तुलनेत आपलं विशेषण बदलत नाही; ‘उंच’ हा ‘पेक्षा’ लागला तरी ‘उंच’च राहतो. त्यामुळे ‘टॉलर’मधल्या शेवटच्या ‘अर’मध्ये तुलना आधीच झालेली आहे हे हाताला जाणवत नाही, आणि ‘मोअर टॉलर’, ‘मोअर बेटर’ असं दुहेरी लिहिलं जातं.

क्रियापदाबरोबरचा ‘खूप’ वाक्याच्या शेवटी जातो, कर्माच्याही नंतर: ‘आय लाइक्ड द बुक व्हेरी मच’. ‘आय लाइक्ड व्हेरी मच द बुक’ नाही. आणि साध्या होकारार्थी वाक्यात नुसता ‘मच’ लंगडा वाटतो. ‘आय लाइक्ड इट मच’ऐवजी ‘आय लाइक्ड इट अ लॉट’ लिहा. नकारात मात्र ‘मच’ छान बसतो: ‘आय डिडन्ट लाइक इट मच’.

सगळ्यांत महागात पडणारा शब्द म्हणजे ‘टू’. आपल्याकडे ‘जेवण टू गुड होतं’ हे बोलण्यात इतकं मुरलंय, की ती स्तुती आहे याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. लेखी इंग्रजीत ‘टू’चा अर्थ ‘खूप’ नसून ‘नको तितका’ असा आहे. चहा ‘व्हेरी हॉट’ असेल तर तो गरमागरम आहे. ‘टू हॉट’ असेल तर पिता येत नाही. शिफारसपत्रात एखादीबद्दल ‘शी इज टू ऑनेस्ट’ लिहिलंत, तर बाहेरचा वाचक थबकतो: हिच्या प्रामाणिकपणाचा त्रास झाला की काय? ‘टू मच ब्यूटिफुल’ तर दोनदा चुकतं, कारण ‘टू मच’ नामाच्या आधी येतो (‘टू मच सॉल्ट’), विशेषणाच्या आधी नाही.

याच ‘टू’ची एक बारीक खाच आहे. ‘पेटी उचलता येणार नाही इतकी जड आहे’ हे दोन तऱ्हांनी लिहिता येतं. ‘द बॉक्स इज टू हेवी टु लिफ्ट’ म्हटलं तर शेवटी ‘इट’ येत नाही. ‘द बॉक्स इज सो हेवी दॅट आय कान्ट लिफ्ट इट’ म्हटलं तर ‘इट’ लागतोच. लोक नेमकं उलट करतात. ‘सो’ आणि ‘सच’मधला फरकही इथेच सांगून टाकते: नुसत्या विशेषणाला ‘सो’ (‘सो हॉट’), विशेषणामागे नाम असेल तर ‘सच’ (‘सच अ हॉट डे’). पाण्यासारखं न मोजता येणारं नाम असेल तर मधला ‘अ’ गळतो: ‘सच हॉट वॉटर’.

‘इनफ’ची गोष्ट अशी, की आपला ‘पुरेसा’ नेहमी आधी येतो: पुरेसे पैसे, पुरेसा मोठा. इंग्रजीत पैसे असतील तर ‘इनफ मनी’, मोठा असेल तर ‘बिग इनफ’. जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘वी डोन्ट हॅव इनफ बिग बॅग्ज’ म्हणजे मोठ्या पिशव्या संख्येने कमी पडतायत. ‘अवर बॅग्ज आरन्ट बिग इनफ’ म्हणजे पिशव्या लहान आहेत. सामानाची मागणी लिहिताना ही अदलाबदल झाली, तर भलताच माल येईल.

आता माझा सगळ्यांत आवडता भाग. पांढराशुभ्र, काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक, आंबटढाण, कडूजहर. यांतल्या कुठल्याही शब्दाआधी आपण ‘खूप’ लावत नाही. ‘खूप काळाकुट्ट’ कानाला खटकतं, कारण ‘कुट्ट’मध्ये रंग टोकाला जाऊन पोचलेला आहे. इंग्रजीतही असे टोकाचे शब्द आहेत: एक्सलंट, परफेक्ट, फ्रीझिंग, एक्झॉस्टेड, डिलिशस, एनॉर्मस. ‘व्हेरी एक्सलंट’ किंवा ‘व्हेरी परफेक्ट’ इंग्रज कानाला तसंच खटकतं. या शब्दांना जोर द्यायचाच असेल तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’: ‘अ‍ॅब्सोल्यूटली फ्रीझिंग’. उलट साध्या, चढउताराच्या शब्दांना ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ शोभत नाही. ‘अ‍ॅब्सोल्यूटली टायर्ड’ नको, ‘व्हेरी टायर्ड’ हवं. ‘रिअली’ दोन्हीकडे चालतो, म्हणून घाईत तो हाताशी ठेवावा. आणि ‘कुट्ट’, ‘शुभ्र’सारख्या ठरलेल्या जोड्या इंग्रजीतही आहेत: पिच डार्क, वाइड अवेक, फास्ट अस्लीप, ब्रँड न्यू, स्टोन डेफ. ‘गाढ झोपलेला’ला ‘व्हेरी अस्लीप’ लिहून चालत नाही, तिथे ‘फास्ट’च लागतो. त्या ‘फास्ट’चा वेगाशी संबंध नाही, ‘घट्ट, पक्का’ हा त्याचा जुना अर्थ तिथे टिकून राहिलाय. ‘व्हेरी’चंही असंच आहे. तो मूळचा ‘खरा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द, आणि ‘दॅट व्हेरी डे’ म्हणजे ‘नेमक्या त्याच दिवशी’ यात तो जुना अर्थ अजून डोकावतो.

‘गरम गरम चहा’, ‘लहान लहान मुलं’ ही आपली द्विरुक्ती मात्र लेखी इंग्रजीत नेऊ नका. ‘स्मॉल स्मॉल चिल्ड्रन’ फक्त भारतातच समजतं.

‘क्वाइट’ जपून वापरा. ब्रिटिश वाचकाला ‘क्वाइट गुड’ म्हणजे ‘बरं आहे’: पेपर बरा गेला म्हणताना जो हात राखून ठेवलेला असतो, तसं. अमेरिकन वाचक त्याला बहुधा कौतुक समजतो. त्यात टोकाच्या शब्दाबरोबर याच ‘क्वाइट’चा अर्थ ‘पूर्णपणे’ होतो: ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे अगदी अशक्य. वाचक कुठला हे माहीत नसेल तर ‘बऱ्यापैकी’साठी ‘फेअरली’ लिहा, गोंधळ टळतो. ‘अ बिट’ बहुतेक तक्रारीला लागतो. ‘अ बिट एक्स्पेन्सिव्ह’ ठीक, ‘अ बिट ब्यूटिफुल’ नाही. आणि ‘हार्डली’ म्हणजे ‘मेहनतीने’ नव्हे, ‘जेमतेम’. ‘ही वर्क्स हार्डली’ असं लिहिण्याआधी दोनदा बघा. कष्टाळू माणसाला कामचुकार ठरवायला तो शेवटचा ‘ली’ पुरेसा आहे.

यादी हवीच असेल तर सुट्या शब्दांची नको, जोड्यांची करा: सीरियसली इल, बॅडली डॅमेज्ड, हायली क्वालिफाइड, डीपली ग्रेटफुल, बिटरली कोल्ड, फुली अवेअर. ‘हायली इल’ किंवा ‘बिटरली ग्रेटफुल’ व्याकरणात बसतं, तरी कुणी लिहीत नाही. जोडी वाचनात भेटली की जशीच्या तशी वहीत उतरवायची.

आणि मजकूर पाठवण्याआधी त्यातले सगळे ‘व्हेरी’ शोधा. प्रत्येकाला विचारा: इथे तुलना आहे का? पुढचा शब्द आधीच टोकाचा आहे का? आकडा देता येईल का? ‘द ट्रेन वॉज व्हेरी लेट’ऐवजी ‘द ट्रेन वॉज फॉर्टी मिनिट्स लेट’. ‘व्हेरी बिग’ऐवजी ‘ट्वाइस अ‍ॅज बिग अ‍ॅज द ओल्ड वन’. एवढं करून जे ‘व्हेरी’ उरतील, ते बिनधास्त राहू द्या.