मांडीवरची बरणी

"वार तपासायला पाठवायची आहे का?" लेबर रूमच्या दारातून सिस्टरनी विचारलं, तेव्हा मला प्रश्नच कळला नाही. वार म्हणजे बाळाला पोटात पोसणारी प्लॅसेंटा, हे माहीत होतं. गावाकडे म्हैस व्यायली की वार पडेपर्यंत आजी गोठ्यातून हलत नसे. पण बाईची वारही तपासतात आणि बाळ का गेलं ते त्यातून कळू शकतं, हे कधी कानावर आलं नव्हतं. मी हो म्हणालो. विचार करून नाही, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

जानेवारी २०२३. सातारा. संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. हिला चौतिसावा आठवडा चालू होता आणि दोन दिवस हालचाल कमी वाटत होती. घरात सगळ्यांनी सांगितलं की दिवस भरत आले की बाळ शांत होतं, त्याला जागा पुरत नाही. हे खरं नाही. बाळ शेवटपर्यंत हलतं, आणि हालचाल मंदावली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. बायकांवर राग काढण्यात अर्थ नाही, त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं होतं. आणि मीही काही वेगळं केलं नाही. "काहीतरी गोड खा, हलेल," एवढं म्हणून कामावर गेलो. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर बराच वेळ बोलल्याच नाहीत.

गोळ्या देऊन कळा आणल्या. त्याला सव्वा दिवस लागला. मुलगी होती. हिला दाखवायची का, असं विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "नको, मनात बसेल." मी मान डोलावली. हिला कुणी विचारलंच नाही, मीही नाही. मी मात्र पाहिलं, हातात घेतलं, दुपट्यात गुंडाळून माहुलीला नेलं. एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. खड्डा खणणाऱ्याने तारीख विचारली, नाव विचारलं नाही.

पुढे चार महिन्यांनी एका रात्री हिने विचारलं, "केस होते?" होते म्हटलं, भरपूर, कपाळावर आलेले. "आणि नाक?" तुझ्यासारखं. तेवढंच. त्या 'नको'बद्दल मला अजून माफी मागता आलेली नाही.

वार एका प्लॅस्टिकच्या बरणीत फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रावणात, घालून माझ्या हातात दिली. बरोबर एक चिठ्ठी. साताऱ्यात ही तपासणी नीट करणारं कुणी त्यांच्या माहितीत नव्हतं, पुण्याला न्या म्हणाले. सकाळच्या विनाथांबा एसटीने निघालो. बरणीला दोन पिशव्या, वरून टॉवेल, तरी खंबाटकीच्या वळणांवर झाकण धरून बसलो होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "लोणचं का?" मी हो म्हणालो. स्वारगेट येईपर्यंत त्यांनी मला कैरीच्या लोणच्याला मीठ किती लागतं ते सांगितलं.

लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी चिठ्ठी वाचली आणि पहिलं विचारलं, "फॉर्मालिनमध्ये न घातलेला तुकडा आहे का? सलाइनमध्ये?" नव्हता. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पेशी जिवंत लागतात आणि फॉर्मालिनने त्या मरतात. एक दार तिथेच बंद झालं. ज्यांनी बरणी भरली त्यांना हे माहीत असायला हवं होतं, एवढंच म्हणतो. नाहीतर बहुतेक ठिकाणी वार थेट दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, तपासणीचा प्रश्नच येत नाही.

आता घरचं. तिसऱ्या दिवशी हिला दूध आलं. याची कल्पना कुणीच दिली नव्हती. सासूबाईंनी फडकं घट्ट बांधलं, डॉक्टरांनी दूध बंद व्हायची गोळी दिली, आणि फळीवर डिंकाच्या लाडवांचा डबा आधीच भरून ठेवलेला होता. तो कुणी उघडेना, कुणी हलवेना.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कारण हवं होतं. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, तेव्हा हिने भाजी चिरली होती. पाचव्या महिन्यात स्कूटरवरून कामावर गेली होती. वाणाला पाच घरं फिरली होती. पपई खाल्ली होती का, असंही एकीने विचारलं. कारणं वेगवेगळी, पण प्रत्येक कारण फिरून हिच्यापाशी येऊन थांबायचं. माझ्यापाशी एकही आलं नाही. ही काही बोलायची नाही, पण मला दिसत होतं की रात्री ती तीच यादी मनात वाचत असणार.

म्हणून मी कागदांच्या मागे लागलो. खरं सांगायचं तर बाळासाठी नाही, त्या यादीसाठी.

केसपेपरच्या प्रती मागितल्या तर "साहेब सुट्टीवर आहेत," मग "पुढच्या आठवड्यात या." शेवटी लेखी अर्ज दिला आणि त्यात लिहिलं की मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. दुसऱ्या दिवशी मिळाल्या. तेवढ्यात जन्म-मृत्यू नोंदणीचं कामही निघालं. अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची नोंद करावी लागते, त्याचा वेगळा फॉर्म असतो, नमुना तीन. दवाखानाच तो पाठवतो, २१ दिवसांत. मी तो पाहायला मागितला. आईचं नाव, वडिलांचं नाव, लिंग, किती आठवडे, मृत्यूचं कारण माहीत असल्यास. बाळाच्या नावाला रकाना नाही.

वारेचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. तो घेऊन पुण्यातल्याच एका डॉक्टरांकडे गेलो, दोघंही. त्यांनी अर्धा तास दिला, आणि "मी आधी यांच्याशी बोलतो," म्हणून आपली खुर्ची हिच्याकडे वळवली. वार वयाच्या मानाने लहान होती, तिचे काही भाग रक्त न पोचल्याने सुकलेले होते. बाळाचं वजन १३५० ग्रॅम होतं. चौतिसाव्या आठवड्याला ते दोन किलोच्या पुढे असायला हवं. म्हणजे बाळ बरेच दिवस उपाशी होतं. मग त्यांनी केसपेपरवर बोट ठेवलं. तेहतिसाव्या आठवड्याच्या तपासणीत पोटाची उंची तीस आठवड्यांइतकी लिहिलेली होती. त्यापुढे सोनोग्राफी सांगितलेली नव्हती.

"तेव्हा केली असती तर वाचली असती?" मी विचारलं.

"कदाचित. खात्रीने नाही सांगता येणार."

हिने वेगळंच विचारलं. "भाजी चिरल्याने असं होतं?" डॉक्टर हसले नाहीत. "नाही," म्हणाले. "स्कूटरनेही नाही. तुम्ही काहीही केल्याने नाही." हिने ते परत विचारलं, त्यांनी परत तेच उत्तर दिलं.

रक्ताच्या तपासण्याही झाल्या, साखर, थायरॉइड, आणि रक्ताच्या गाठी होण्याच्या आजाराची अँटिबॉडी. ती थोडी वाढलेली निघाली. मी तर खूश झालो, सापडलं म्हणून. पण ही तपासणी बारा आठवड्यांनी परत करावी लागते, दोन्ही वेळा आली तरच आजार धरतात. एप्रिलअखेर परत केली, नॉर्मल. म्हणजे वार अशी का झाली, त्याचं उत्तर नाही. पुढच्या वेळी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी लवकर सुरू करायची आणि वाढ बघायला सोनोग्राफी वरचेवर करायची, एवढं हातात आलं. पुढची वेळ असेल का, ते आम्ही अजून बोललेलो नाही.

हिच्या कंपनीने सहा आठवड्यांची रजा दिली, गर्भपाताची म्हणून. मातृत्व लाभ कायदा, १९६१ उघडून पाहिला, तर कलम तीनमध्ये तेव्हा स्पष्ट लिहिलेलं होतं की मूल या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. म्हणजे सव्वीस आठवडे. मेलला ते कलम जोडलं. एचआरच्या मुलीने फोन करून सॉरी म्हटलं, तिला खरंच माहीत नव्हतं. हिने तेरा आठवड्यांनी आपणहून काम सुरू केलं. घरात बसून तो डबा बघवत नव्हता म्हणाली.

रिपोर्टची झेरॉक्स मी सासूबाईंना दिली, आत्यालाही. आत्याने चष्मा लावून पूर्ण वाचली. इंग्रजी तिला येत नाही. घडी घालून देवघरात ठेवली आणि ग्रहणाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मागच्या पावसाळ्यात कामावरच्या एका मित्राचा रात्री दीडला फोन आला. त्याच्या बहिणीचं, छत्तिसाव्या आठवड्यात. तो रडत होता. मी धीर द्यायच्या आधी म्हणालो, "वार टाकू देऊ नका. एक तुकडा वेगळा काढायला सांग, सलाइनमध्ये." तो गप्प झाला. मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग म्हटलं, "आणि बहिणीला विचार, बाळ बघायचंय का. तिलाच विचार, बाकी कुणाला नको."