दहा सेकंदांत न सापडलेला ठोका

गेल्या वर्षी थंडीत, रात्री डाव्या कुशीवर निजले की छातीत काहीतरी क्षणभर थांबल्यासारखे वाटे आणि पाठोपाठ एक जोराचा ठोका थेट गळ्यापर्यंत जाणवे. मनगटावर बोटे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मी नाडी मोजू लागले, तेव्हा सात-आठ ठोके नीट लागत, मग एक ठोका बोटांना लागतच नसे. पहिल्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला आला, आणि पित्त व काळजी यांवर बोट ठेवून मला परत पाठवण्यात आले. माझ्या वडिलांना हृदयविकार होता हे सांगायलाही मला तिथे सवड मिळाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

महिनाभराने मी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी सगळे ऐकून घेतले, मग तीच जुनी ईसीजीची पट्टी माझ्यापुढे धरून ती कशी वाचायची हे दाखवले. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे ५ मिलिमीटरचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद, दोन उंच टोकांमध्ये असे किती चौकोन येतात ते मोजून ३०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचे ठोके निघतात. माझे ९२ च्या आसपास निघाले. विश्रांतीतले ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानले जातात, तरी स्वस्थ पडलेल्या माणसाला इतके का, हा प्रश्न त्यांनी बाजूला टिपून ठेवला. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्यानंतरचे बोलणे: ही सगळी नोंद जेमतेम दहा सेकंदांची आहे, आणि तेवढ्यात तुमचा ठोका चुकला नाही, एवढेच ती सांगते.

म्हणून २४ तासांचा हॉल्टर, म्हणजे दिवसरात्र ईसीजी टिपत राहणारे यंत्र, लावायचे ठरले. तंत्रज्ञ ताईंनी छातीवरची त्वचा स्पिरिटने पुसून चिकट गोल पट्ट्या लावल्या, त्यांच्या वायरी कमरेच्या छोट्या यंत्राला जोडल्या, अंघोळ करू नका म्हणून बजावले आणि हाती एक कागद दिला. त्यावर मी वेळेनिशी लिहीत गेले: सकाळी ९.४० जिना चढले, ११.१५ धस्स झाले, दोनदा, दुपारी चहा, रात्री १०.३० डाव्या कुशीवर, पुन्हा तेच.

अहवालात दिवसभराचे एक लाखाहून अधिक ठोके होते आणि त्यांत हजारभर अवेळी पडलेले, म्हणजे साधारण एक टक्का. माझ्या ११.१५ च्या नोंदीसमोर बरोबर तसे दोन ठोके उमटले होते. गाढ झोपेतले कितीतरी मात्र मला जाणवलेच नव्हते. ठोका चुकत नव्हता, तर हृदयाच्या खालच्या कप्प्यातून तो वेळेआधी पडत होता. तेवढ्यात कप्पा पुरता भरत नाही, म्हणून मनगटापर्यंत लाट पोहोचत नाही. मग थोडा खंड पडतो, कप्पा जास्त भरतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. गळ्याशी जाणवे तो हाच. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा आणि हृदयाचे आकुंचन दोन्ही व्यवस्थित निघाले. असे ठोके दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर हृदयाच्या स्नायूवर लक्ष ठेवावे लागते, माझे त्यापासून दूर आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी यायचे, हे त्यांनी कागदावर लिहून दिले.

बाजूला टिपलेल्या ९२ चे उत्तर रक्ततपासणीत मिळाले. थायरॉइड आणि पोटॅशियम ठीक होते. हिमोग्लोबिन मात्र ९.४ होते, आणि रक्त कमी असले की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावे लागते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही असे पथ्य पडले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले आणि सकाळी उठण्याआधी मोजलेली नाडी ७६ वर आली. अवेळी ठोके अजून अधूनमधून येतात. पूर्वी मी दचकून उठून बसत असे. आता कूस बदलते.