आत्याची जपमाळ: तीन मण्यांची नोंद

रामबागेतल्या घरी सगळे या माळेला अंबरची, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या डिंकाची म्हणत. मिठाच्या संपृक्त पाण्यात मणी सोडला तर तळाशी गेला. अंबर तरंगलं असतं. कढत पाण्यातून काढून लगेच हुंगला, आणि कार्बोलिकचा, म्हणजे फिनॉलचा, तो उग्र वास आला. म्हणजे हे फिनॉल-फॉर्मल्डिहाइड प्लास्टिक, रसायनशास्त्रज्ञ बेकलंडनं १९०७ साली केलेल्या बेकेलाइटच्या घराण्यातलं, पण भुसा न मिसळलेलं ओतीव रेझिन. एरवी इतका उजळ रंग मिळत नाही.

धागा कुजलाच होता, म्हणून मणी मोकळे करून तीन हाताशी घेतले.

पहिला ओल्या पॉलिश पेपरवर घासला, ४०० नंबरपासून २००० पर्यंत. (कोरडं कधीच घासू नका, ती धूळ छातीत जाते.) पाण्यात पिवळा गाळ उतरला आणि केसभर थराखालून लोण्यासारखा पांढरा मणी निघाला! इतकी वर्षं आम्ही जो हळदी रंग पाहत होतो, ती नुसती साल होती. हवा आणि उजेड लागून वरच्या फिनॉलची क्विनोनसारखी रंगीत संयुगं होतात. निळे मणी हिरवट आणि गुलाबी मणी नारिंगी दिसू लागतात तेही यामुळेच. मूळ रंगावर पिवळा चढतो.

दुसरा मणी जुन्या ओटीजीत, गच्चीवर, १२० अंशांवर ठेवला. स्वयंपाकाची भट्टी यासाठी वापरू नये. तासाभरात मधाचा रंग आला, मग काकवीचा, चौथ्या तासाला डाळिंबी. तिथं मी घाई केली, गरम असतानाच दार उघडलं आणि भोकापासून तडा गेला. फुटलेल्या कडेवर मात्र सगळं स्पष्ट दिसलं: बाहेर गडद, आत हळूहळू फिका होत गेलेला गाभा. पुढचा मणी रात्रभर आतच निवू देईन.

तिसरा मेरुमणी, गडद लाल. मला तो भाजलेला वाटत होता. दहापट भिंगातून भोकात पाहिलं, तर लाल रंग तोंडाशी आणि ओरखड्यांत साचलेला, आत एकदम फिका पिवळा. रंग मधे कुठे विरत गेलेला नाही, सरळ तुटतो. म्हणजे कोणीतरी रंगात बुडवलेला.

बाकीच्या मण्यांना पॉलिश पेपर लावणार नाही. आत्याच्या बोटांखाली जी बाजू यायची तिथला पिवळा जास्त खोल आहे. सोमवारी माळ पटव्याकडे देतेय, रेशमात, दर मण्यामागे गाठ मारून.